आडवे बावीस

पहिल्यांदा फोन आला तेव्हा वाटलं, कुणीतरी गेलं.
सकाळचे सात वीस. गंगाखेडचा नंबर.
सहा वर्षांनी प्रयागाक्काचा आवाज,
आणि ती म्हणते,
"आडवे सात. तीन अक्षरी. शेवटी रा.
बैलाची लांब दोरी."
मी दात घासत होतो.
तोंडातला फेस आवरत म्हटलं, "कासरा."
"हं," म्हणाली. ठेवला.

तेव्हापासून रोज.
कसा आहेस नाही, पाऊस पडला का नाही,
पोरीचं जमलं का, तेही नाही.
आकडा, अक्षरं, अर्थ. की ठेवला.
मी डेअरीत एकतीस वर्षं दुधाचं फॅट मोजलेला माणूस,
मलाच कामून विचारते, कळंना.
सातवीला मराठीत तालुक्यात पहिली आलेली ती.

"चार अक्षरी. उडते, पण पक्षी नाही."
हे मला अंघोळीत सुचलं.
टॉवेल सावरत पळत आलो, मीच फोन लावला,
"तारांबळ!"
पलीकडं हसल्यासारखं काहीतरी झालं.
खोकलाही असेल.

एकदा म्हणाली, "दोन अक्षरी.
मोठ्या चुलीच्या जाळावर भागवून घेणारी धाकटी चूल."
"वैल." दोघंही एकदमच बोललो.
आईच्या वैलावर वरणाचं गाडगं असायचं कायम,
आणि ते आधी कुणी खरवडायचं यावरून आमची मारामारी.
हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

सही घ्यायला मीच गेलो होतो गंगाखेडला.
पाव किलो पेढे घेऊन.
"वाचू का?" तिनं विचारलं होतं,
फडताळात चष्मा शोधत.
मी म्हटलं, "वाचायचं काय त्यात, आक्का?"
आणि बोट ठेवलं रिकाम्या चौकोनावर,
"इथं."

परवा तिनं विचारलं,
"आडवे बावीस. सहा अक्षरी.
दुसरं जोडाक्षर, सहावंही.
बहिणीनं सख्ख्या भावाला द्यायचा कागद."

दूधवाला दारात उभा होता, पातेलं मागत.
मी म्हणालो, "येत नाही."
"येईल," ती म्हणाली. "घाई नाही."

मी पेपर घेत नाही, हे तिला ठाऊक नाही.
देगलूर रोडला हणमंतच्या सलूनात येतो.
गालावर साबण वाळत चाललेला,
मी पान उलटलं. राशिभविष्याच्या खाली कोडं.
आडवे एकोणीसला संपत होतं.
पुन्हा मोजलं, नखानं, एकेक घर.
बावीस नव्हतंच.
"काका, मान सरळ," हणमंत म्हणाला.

मी जुने पेपर मागितले.
आरसा पुसायला ठेवलेले, अर्धे फाटके.
तारांबळ सापडली, मंगळवारची, खरीखुरी छापलेली.
वैल कुठंच नव्हता.
मग माळवं? मग पाचुंदा? मग मागच्या पोळ्याची ती झूल?
किती पेपरची, किती तिची,
कोण जाणे.
"काय हरवलं का?" हणमंतनं विचारलं.
मी म्हटलं, "कात्री चालू दे तुझी."

आज सात वीसला फोन वाजला.
ती बोलायच्या आत मीच सुरू केलं,
एकेक अक्षर, रजिस्टरात रीडिंग सांगावं तसं,
ह.
क्क.
सो.
ड.
प.
त्र.

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.
दुसरी झाली.
तिसरीला ती गॅस बंद करते,
इतके दिवस ऐकून मला माहीत झालंय.
तिसरी झाली.
चौथी झाली.

मग कागद सारखा केल्याचा आवाज.
"बसतंय," म्हणाली.
आणि बऱ्याच वेळानं,
"आता उभे एक. पेन हाय का जवळ?"

मी दुधाच्या बिलाची पाठ पुढं ओढली.